‘पथ्य पाळत नाहीत’ असा शेरा लिहिण्यापूर्वी

जुने केसपेपर लावून ठेवण्याचे काम आम्ही या पावसाळ्यात हाती घेतले. त्या निमित्ताने आमच्याच हस्ताक्षरातील एक शेरा पुनःपुन्हा समोर येत राहिला : ‘पथ्य पाळत नाहीत.’ कोठे ‘औषध वेळेवर घेत नाहीत’, तर कोठे ‘रात्री उशिरा भोजन, सांगूनही बदल नाही’. ज्यांच्या नावापुढे हे शेरे पडले आहेत ती माणसे आम्ही चांगली ओळखतो. आमचे चिकित्सालय गोवंडी स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा दिवस हार्बर मार्गाच्या गाडीत सुरू होतो व तेथेच मावळतो. असे असूनही त्या गाडीचा उल्लेख आमच्या केसपेपरवर एका ओळीनेही नव्हता. ‘व्यवसाय’ या रकान्यात आम्ही ‘नोकरी’ एवढेच लिहीत होतो. त्या नोकरीवर पोहोचून परत येण्यात रोज जे तीन तास जातात त्यांना आमच्या लेखी अस्तित्वच नव्हते.

एका रुग्णेची हकीकत येथे सांगणे भाग आहे. वय पस्तिशीच्या पुढे, राहणे शिवाजीनगरच्या वस्तीत, काम फोर्टमधील एका कार्यालयात साफसफाईचे. कार्यालय उघडण्यापूर्वी झाडलोट आटोपायची, म्हणून साडेसहाच्या आत गाडीत बसणे (बसणे कसले, उभे राहणे) आवश्यक. तक्रारी मलावष्टंभ, पोटात वायू धरणे, अधूनमधून मूत्रदाह, डोके जड राहणे आणि पोटऱ्यांत गोळे येणे अशा होत्या. नाडी, जिव्हा, कोष्ठ पाहून आम्ही वातानुलोमनाचा विचार केला. रात्री झोपताना गंधर्वहरीतकी दिली आणि पहाटे उठल्यावर पेलाभर उष्णोदक घेण्यास सांगितले. पंधरा दिवसांनी ती बाई आली ती पुड्या तशाच परत घेऊन. म्हणाली, “औषध चांगलं आहे हो डॉक्टर, पण तिसऱ्या दिवशी बंद केलं. चुनाभट्टीला पोटात कळ आली. उतरून जाणार कुठे? आणि उतरले असते तर खाडा लागला असता.”

मग चौकशी केल्यावर कळले ते असे. पहाटे वस्तीतील सार्वजनिक शौचालयापुढे रांग असते. नंबर लागेपर्यंत थांबावे तर गाडी जाते. म्हणून कार्यालय गाठेपर्यंत ती थांबते; असे गेली कित्येक वर्षे चालले आहे. पाणी तर ती पहाटेपासून मुद्दामच पीत नाही, कारण प्यायल्यास वाटेत अडचण होते. म्हणजे जी स्त्री तहान मारून प्रवास करीत होती तिला आम्ही उष्णोदक सांगितले, जी मलवेग अडवून उभी होती तिला अनुलोमन दिले, आणि ती ते घेईना तेव्हा केसपेपरवर शेरा मारला.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय, ‘नवेगान्धारणीय’, आपण सर्वांनी पहिल्या वर्षी पाठ केला आहे. परीक्षेत तेरा अधारणीय वेग लिहून गुणही मिळविले आहेत. मूत्र, पुरीष, शुक्र, अपानवायू, छर्दी, शिंक, उद्गार, जांभई, क्षुधा, तृषा, अश्रू, निद्रा आणि श्रमश्वास. वाग्भटाने उद्गाराऐवजी कास मोजला, संख्या तेराच राहिली. ही यादी हाती घेऊन एकदा सकाळच्या गाडीत उभे राहावे. मूत्र आणि पुरीष अडलेले, कारण लोकलच्या डब्यात शौचालय नसते. तहान आणि भूक मारलेली. झोप अपुरी, ती उभ्या उभ्या, दांडीला धरलेल्या हातावर डोके टेकून, तुकड्यातुकड्यांनी घ्यावयाची. पूल चढून धावत आल्याने उठलेला श्वास मोकळा सोडण्यास छातीपुढे जागा नाही. करोनाच्या साथीनंतर शिंक आणि खोकलाही लोक दाबू लागले आहेत, कारण डब्यातील नजरा वळतात. तेरांपैकी आठ-नऊ वेग एकाच प्रवासात, रोज दोन वेळा.

यात आम्हांस विशेष वाटले ते पोटऱ्यांच्या गोळ्यांचे. आम्ही ते उभे राहण्याच्या श्रमाचे मानून तेल चोळण्यास सांगून मोकळे झालो होतो. पुरीषवेग अडविल्याच्या लक्षणांत चरकाने पक्वाशयशूल, शिरःशूल, आध्मान यांच्या जोडीने पिंडिकोद्वेष्टन सांगितले आहे, हे पाठ असूनही त्या वेळी आठवले नाही. मूत्रवेगाच्या धारणात मूत्रकृच्छ्राबरोबर शिरोरुजाही येते. त्या बाईच्या चार-पाच वेगवेगळ्या वाटणाऱ्या तक्रारी एकाच अध्यायात शेजारी शेजारी बसल्या होत्या. आम्ही त्या वेगळ्या वेगळ्या पानांवर शोधीत होतो.

आगगाडी आणि वेगविधारण यांचे नाते मात्र जुने आहे. १९०९ मध्ये ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयास एक तक्रारपत्र लिहिले. फणस खाऊन पोट फुगलेले हे गृहस्थ अहमदपूर स्थानकावर शौचास उतरले, तोच गार्डाने शिट्टी दिली. एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर सावरीत धावताना ते फलाटावर पडले आणि गाडी निघून गेली. मोडक्यातोडक्या इंग्रजीतील हे पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलेले आहे आणि डब्यांत शौचालये आली ती या पत्रामुळे, असे सांगतात. (फणस विष्टंभी, हे त्या बाबूंना कोणी सांगितले नसावे.) लांब पल्ल्याच्या गाडीला जे मिळाले ते उपनगरी गाडीला मिळाले नाही, कारण प्रवास तासाभराचा असे गृहीत धरले गेले. त्या तासाच्या अलीकडे शेअर रिक्षाची रांग असते आणि पलीकडे बसची, हे गृहीतकात नव्हते.

स्त्रियांच्या बाबतीत ही केवळ गैरसोयीची गोष्ट नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांच्या संघटनांनी मोफत, स्वच्छ व सुरक्षित मुताऱ्यांसाठी चळवळ चालविली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने केलेल्या जनहित याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगरपालिकांना स्त्रियांसाठी अशी स्वच्छतागृहे उभारण्याविषयी आदेश दिले. वकील, कार्यकर्त्या, पत्रकार या विषयावर बोलल्या. ज्या शास्त्राने मूत्रवेगाच्या धारणाला स्वतंत्र अध्यायात व्याधीचे मूळ म्हटले, त्या शास्त्राचे आम्ही उपासक मात्र त्या सर्व काळात अश्मरीच्या व मूत्रकृच्छ्राच्या पाठ्यांवर चर्चासत्रे भरवीत होतो. पाषाणभेद आणि गोक्षुर यांचा गुण आम्ही नाकारीत नाही; पण हेतू चालू ठेवून औषध देणे याला निदानपरिवर्जन म्हणत नाहीत.

गोवंडीच्या प्रवाशाला उभेच का राहावे लागते, याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. देशातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत याच हार्बर मार्गाने धावली. पुढे हा मार्ग मानखुर्दला संपत असे. तेव्हा मुंबईकडे जाणाऱ्या गाडीचे गोवंडी हे दुसरेच स्थानक होते आणि जागा मिळत असे, असे आमचे वयस्क रुग्ण सांगतात. १९९२ मध्ये खाडी ओलांडून रूळ वाशीला गेले, १९९८ मध्ये पनवेलला. नवी मुंबई वसली, तिची सोय झाली. परंतु गोवंडीला गाडी येते ती बहुधा भरूनच. म्हणून काही जण आधी उलट दिशेने मानखुर्द किंवा वाशी गाठतात आणि तेथून बसून येतात. अर्धा तास अधिक खर्चून कंबर वाचविण्याचा हा उपाय आहे. ज्यांना तेवढा वेळ नाही ते ‘कुठे उतरणार?’ असे बसलेल्यास विचारून त्याची जागा आधीच सांगून ठेवतात, अथवा तिघांच्या बाकावर चौथे म्हणून अर्धे टेकतात. चौथ्या सीटवरील कटिशूल एका बाजूचा असतो, हे आम्ही आता प्रश्न न विचारताही ओळखू लागलो आहोत.

येथे आमच्या पंचकर्म करणाऱ्या वैद्यबंधूंना विशेष विनंती करावयाची आहे. सिद्धिस्थानाच्या बाराव्या अध्यायात शोधनानंतर वर्ज्य असे आठ महादोषकर भाव सांगितले आहेत. त्यांत उच्चैर्भाष्याच्या पाठोपाठ रथक्षोभ येतो. सांधे सैल पडणे, कान व डोके दुखणे, पोटात गुडगुडणे, कटि-पृष्ठ-पार्श्वात वेदना ही त्याची फळे. रथ गेले, रस्ते डांबरी झाले, म्हणून आपण हा शब्द ऐतिहासिक समजून पुढे जातो. आठ दिवसांचा योगबस्ति घेऊन सायंकाळी सहाच्या गाडीने दरवाजाजवळ चेंगरत घरी जाणारा रुग्ण रथक्षोभ सोडून दुसरे काय भोगतो? बस्तीनंतर ज्या गोष्टी टाळावयाच्या त्यांत अतिकाळ बसणे, अतिकाळ उभे राहणे, अति बोलणे, यान, दिवास्वप्न, वेगरोध, रोष आणि अकाली भोजन ही आहेत. एका लोकलप्रवासात त्यांपैकी निम्म्याहून अधिक घडतात. आणि परिहारकाल कर्माच्या दुप्पट, म्हणजे आठ दिवसांच्या कर्माला सोळा दिवस. शहरातील आपल्यापैकी किती जण कर्म सुरू करण्यापूर्वी रुग्णाला विचारतात की पुढील चोवीस दिवस तुम्ही कोणत्या गाडीने जाणार? आम्हीही विचारीत नव्हतो. लाभ न दिसल्यास ‘वात फार बळावलेला आहे’ असे सांगून दुसरा बस्तिक्रम सुचवीत होतो. आता आम्ही कर्म रजेच्या दिवसांत बसते का ते पाहतो, नाही तर सरळ शमन चिकित्सेवर थांबतो. उत्पन्न थोडे कमी झाले, हे प्रांजळपणे सांगतो.

तीच गोष्ट नाडीची. थकलेल्या, भुकेल्या, तहानलेल्या, उन्हातून आलेल्या माणसाची नाडी नीट कळत नाही, असा शास्त्राचा स्पष्ट इशारा आहे. आमच्याकडे रात्री नऊ वाजता जो रुग्ण येतो तो गाडीतून उतरून, पूल चढून-उतरून, सकाळच्या डब्यावर भागवलेला असा सरळ आमच्यापुढे बसतो. अशा नाडीवरून आम्ही वर्षानुवर्षे ‘वातप्रकोप’ नोंदवीत आलो. आता त्याला वीस मिनिटे बाकावर बसवून, पाणी देऊन मग हात धरतो. फरक पडतो, एवढेच सांगतो. तो मोजण्याचे साधन आमच्यापाशी नाही. वृद्ध किंवा गुंतागुंतीच्या रुग्णांना रविवारी सकाळी बोलावतो.

औषधसेवनाच्या कालांविषयीही हेच. प्राग्भक्त, मध्यभक्त, अधोभक्त हे सर्व काल ‘भक्ता’भोवती फिरतात. ज्याची न्याहारी कुर्ल्याच्या फलाटावरील वडापाव आणि रात्रीचे जेवण साडेदहाला, त्याच्या बाबतीत ‘जेवणापूर्वी दोन वेळा’ या सूचनेचा अर्थ काय होतो हे आपण पाहत नाही. एका रुग्णाने तर विचारले, “ब्राह्ममुहूर्तावर उठा म्हणता, आम्ही उठतोच, पण डबा करायला आणि पाणी भरायला. मग आम्हांला त्याचं पुण्य का लागत नाही?” यावर आम्ही हसलो आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो. उत्तर सुचले नाही हे खरे.

मग करावयाचे काय? आमच्या रुग्णांना पेलवलेल्या काही गोष्टी तेवढ्या सांगतो. रात्रीचे जेवण लवकर करा, असे आम्ही सांगणे सोडले आहे. त्याऐवजी सायंकाळी कामावरून निघण्यापूर्वी घरून नेलेले काहीतरी पोटात घालावे : नाचणीची भाकरी, राजगिऱ्याचा लाडू, मूठभर फुटाणे-मनुका. म्हणजे फलाटावरील तळलेल्या पदार्थांकडे हात जात नाही आणि घरी पोहोचल्यावर मुगाचे कढण किंवा भात-वरण एवढ्यावर भागते. सकाळचे अभ्यंग शक्य नसते. रात्री निजताना तिळाच्या तेलाने पादाभ्यंग मात्र बहुतेकांना जमते, कारण त्याला पाच मिनिटे लागतात आणि झोप चांगली येते. पाणी गाडीपूर्वी नको असेल तर कामावर पोहोचताच व नंतर दर तासाला थोडे थोडे घ्यावे. मूत्रदाह वारंवार होत असेल, ताप किंवा लघवीतून रक्त असेल तर मात्र घरगुती उपायांवर न थांबता मूत्रपरीक्षा करून घ्यावी.

प्रतिमर्श नस्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण गोवंडीला ते फारच लागू आहे. सुश्रुताने त्याचे चौदा काल सांगितले. त्यांत घरातून बाहेर पडताना हा एक काल आहे आणि प्रवासाने थकल्यावर हा दुसरा. बाहेर पडताना नाकपुड्या स्निग्ध असल्यास धूळ व धूर बाधत नाहीत, असे कारणही तेथेच दिले आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासून आमच्या उशाशी आहे. २०१६ च्या जानेवारीत ती पेटली तेव्हा कित्येक दिवस धूर हटला नव्हता आणि तो उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. त्या आठवड्यात आमच्या दारी प्रतिश्याय व श्वासाच्या रुग्णांची जी रांग लागली ती आम्ही विसरलेलो नाही. नाकात तेलाचे दोन थेंब हा त्या धुराला उतारा नव्हे, असे कोणी म्हणू नये म्हणून आम्हीच म्हणून ठेवतो. धूर थांबविणे हे काम वैद्याचे नाही. रोजच्या रस्त्यावरील धुळीपुरते मात्र दारातच लागणारी ही एक क्रिया रुग्ण सहसा टाळीत नाहीत, कारण तिला रांग नाही आणि वेळ लागत नाही.

त्याच सातव्या अध्यायात धारण करण्याजोगे वेगही आहेत : लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या, परुष वाणी. गाडीत नेमके उलटे घडते. जे सोडावयाचे ते अडते आणि जे अडवावयाचे ते दरवाजापाशी मोकळे सुटते. तथापि डब्याने त्यावरही आपली चिकित्सा शोधली आहे. हार्बरच्या बायकांच्या डब्यात परतीच्या वाटेवर मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, संक्रांतीनंतर हळदीकुंकू होते. दसऱ्याला डब्याला तोरण लागते. पुरुषांच्या डब्यांत भजनी मंडळे टाळ धरतात. (उच्चैर्भाष्य आठांत मोडते, हे त्यांना सांगण्याचे धाडस आम्ही केलेले नाही.) आमच्या एका निवृत्त रुग्णास निवृत्तीनंतर झोप येईना, भूक लागेना. औषधांनी जे झाले नाही ते तो आठवड्यातून दोनदा जुन्या गाडीने वडाळ्यापर्यंत जाऊन येऊ लागला तेव्हा झाले. सत्त्वावजय म्हणावे ते हेच की काय, याचा निर्णय विद्वानांनी करावा.

काही ज्येष्ठ वैद्यांशी बोलताना असा आक्षेप आला की शास्त्र माणसाने पाळावयाचे असते, गाडीच्या वेळापत्रकाला शास्त्र वाकविणे बरे नव्हे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही असहमत आहोत. देश आणि काल ही परीक्षेचीच अंगे आहेत; ज्याचा देश दिवसातून तीन तास सरकता असतो त्याची देशपरीक्षा घरी बसून होत नाही. शिवाय दोष रुग्णाच्या निग्रहाचा ठरविला की वैद्याची सुटका होते, ही सोय आम्हांला अलीकडे डाचू लागली आहे. आपल्या संघटनेच्या व्यासपीठावरून रेल्वे प्रशासनाकडे व महानगरपालिकेकडे स्थानकांवरील स्त्रियांच्या स्वच्छतागृहांविषयी एक साधे निवेदन, तेरा वेगांच्या आधारासह, गेले तर ते आपल्या अधिकारातील बोलणे ठरेल. रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्याचा उपयोग उद्या होणार नाही, हे आम्ही जाणतो.

त्या बाईचे पुढे काय झाले, असे विचारले जाईल. पाण्याची वेळ बदलल्यावर मूत्रदाह व डोके पुष्कळ उतरले. मलावष्टंभाचे तसे नाही. अनुलोमन रात्री आठलाच घेऊन पहाटे साडेचारला उठल्यास रांग लहान असते, असा हिशेब आम्ही तिच्यापुढे मांडला. तिने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाली, “म्हणजे अजून अर्धा तास झोप गेली.” निद्रावेग तेरांत आहेच. शेवटी शनिवारी रात्री औषध, रविवारी सुटी, आणि आठवडाभर आहारात तूप व मनुका एवढ्यावर आम्ही दोघांनी तडजोड केली आहे. पोट पूर्ण बरे नाही. तिच्या केसपेपरवरील जुना शेरा आम्ही खोडला आहे.

नव्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्याखाली चार ओळी वाढविल्या आहेत : घर किती वाजता सोडता, कोणत्या मार्गाने जाता, किती वेळ उभे असता, आणि घर सोडल्यापासून पहिली लघवी किती वाजता. शेवटच्या प्रश्नाला बायका प्रथम हसतात आणि मग खरे सांगतात. नमुना ज्या वैद्यबंधू-भगिनींना हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी चिकित्सालयात यावे; मात्र हार्बरवर मेगाब्लॉक आहे की नाही ते पाहून निघावे.